कोल्हापूर : रात्री दहानंतरचं शहर आणि रोजचं राहणं (खाणं, पूररेषा, पाणी, भाडं)

रातकिडा (धागाकर्ता)

बदली, उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, शिरोली-कागलच्या एमआयडीसीतली नोकरी, विद्यापीठातला प्रवेश. अशा कारणांनी बाहेरून कोल्हापुरात राहायला येणाऱ्यांचे प्रश्न तेच तेच असतात आणि उत्तरं दहा ठिकाणी पांगलेली. ती एका जागी गोळा करूया. रात्री उशिरा काय उघडं असतं, परतायचं कसं, घर कुठल्या भागात बघावं, पावसाळ्यात काय होतं, पाण्याचं काय, एवढ्यापुरता हा धागा. मिसळ कुठली भारी यावर वेगळे धागे आहेत, ती भांडणं इथं नकोत. (तरी होणारच.)

---

तिकटी

आधी एक गैरसमज काढतो. कोल्हापूरची रात्र पबात सापडत नाही, ती रस्त्याच्या कडेला असते. तालमीची पायरी, चौकातला कट्टा, रंकाळ्याचा कठडा, गाड्यांवरचं खाणं. पुण्या-मुंबईचं डोक्यात धरून आलात तर अकरा वाजताच शहर झोपलं असं वाटेल.

वेळांचा अंदाज असा. महाद्वार रोड, राजारामपुरी इथली दुकानं नऊ-साडेनऊला शटर ओढायला लागतात. खासबागेच्या खाऊगल्लीत आणि मिरजकर तिकटीच्या आसपास साडेदहापर्यंत गर्दी, मग आवराआवर. तांबडा-पांढरा खायचा असेल तर नऊच्या आत बसा. खानावळीत पांढरा रस्सा आधी संपतो, आणि संपल्यावर पाणी घालून वाढवलेला ओळखू येतो: नारळाचं दूध फाटल्यासारखं बाजूला झालेलं असतं. मिसळ रात्री शोधू नका. तो सकाळचा जिन्नस आहे, दुपारी कट संपला की दुकान बंद.

परमिट रूमवाले साडेअकराला दिवे घालवतात. इथं पोलीस आयुक्तालय नाही, एसपी ऑफिस आहे. त्यामुळे आयुक्तालयाच्या शहरांतली दीड वाजेपर्यंतची मुभा इथं लागू नाही. बिअर-वाइनला वय २१, बाकी दारूला २५ पूर्ण लागतं आणि परवाना लागतो. एक दिवसाचा पाच रुपयांचा परवाना काउंटरवरच मिळतो. गोव्याहून येताना "दोनच बाटल्या आहेत" म्हणून गाडीत टाकून आणू नका. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू इकडे सापडली की उत्पादन शुल्कवाले गुन्हा नोंदवतात, आणि गाडीही अडकते.

२०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दुकान, हॉटेल चोवीस तास उघडं ठेवता येतं. बार आणि परमिट रूम मात्र त्यात बसत नाहीत. तरी गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर बारापर्यंत उघडं ठेवणार कोण, हा खरा मुद्दा.

---

पायताण

तिकटीनं दुधाचा कट्टा विसरला, म्हणून ही भर.

गंगावेशीत म्हशी आणून बांधलेल्या असतात. तुमच्या समोर धार काढून तोच पेला हातात देतात. धारोष्ण, म्हणजे म्हशीच्या अंगाइतकं कोमट. पेला भरलेला दिसतो, पण वरचा निम्मा फेस असतो. घाईनं तोंडाला लावला तर ओठावर फेस आणि पोटात दोनच घोट. पेला हातात घेऊन मिनिटभर थांबायचं, फेस बसला की "वर भर" म्हणायचं. मुरलेली गिऱ्हाइकं तेच करतात आणि गवळीही कुरकुर न करता आणखी एक धार मारतो. थंडीत रात्रीची गर्दी जास्त.

आता न आवडणारी गोष्ट. हे दूध कच्चं असतं. म्हशीला ब्रुसेला किंवा क्षयाचा संसर्ग असेल तर तो कच्च्या दुधातून माणसाला होतो. गरोदर बाई, लहान मूल, आजारातून उठलेला माणूस यांनी तिथं पिऊ नये. किटली घेऊन जा, घरी एक उकळी आणून प्या. सायीचा थर बघूनच समाधान होतंय.

आणि इथं "कॉकटेल" मागितलं की आइस्क्रीम, फळं, जेली घातलेला उंच पेला येतो. दचकू नका. घरच्यांना घेऊन बिनधास्त जायचं ते हेच कॉकटेल.

---

खटका

बारानंतर काय, ते कुणीच सांगेना. मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशनचा परिसर, एवढंच उत्तर. चहा, ऑम्लेट, भुर्जी, पहाटे पहाटे पोहे. नाहीतर हायवेवरचे ढाबे, पण तिथं गाडी पाहिजे. एमआयडीसीत फाउंड्र्यांच्या शिफ्ट बदलतात त्या वेळी गेटबाहेरच्या टपऱ्यांवर चहा मिळतो.

रंकाळ्याबद्दल एक. टॉवरकडची, चौपाटीची बाजू उशिरापर्यंत गजबजलेली असते. मागच्या बाजूला अकरानंतर शुकशुकाट. एकटी बाई असो की बाप्या, फिरणं पुढच्याच बाजूला ठेवावं. आणि कुत्री. मध्यरात्रीनंतर गल्लीच्या तोंडाशी चार-पाच बसलेली असतात, दुचाकी जोरात दिसली की मागे लागतात. वेग वाढवू नका. हळू करा, गरज पडली तर थांबा, थांबलेल्या गाडीत त्यांना रस राहत नाही. पडण्याचे प्रकार वेग वाढवल्यानंच होतात.

दवाखाना: सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग चोवीस तास चालू. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. औषधं मोठ्या खासगी दवाखान्यांच्या आतल्या दुकानांत रात्रभर मिळतात, चौकातलं मेडिकल शोधत हिंडू नका.

---

पाणकावळा

खाण्यापिण्याचं राहू दे. घर बघायचं असेल तर भाडं विचारायच्या आधी पूररेषा विचारा.

भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीजवळ एक होऊन पंचगंगा शहराला वळसा घालते. पाणलोट सगळा सह्याद्रीच्या घाटमाथ्याचा. शहरात ऊन पडलेलं असताना गगनबावडा, राधानगरीत कोसळत असेल तरी पाणी चढतं. मोजमाप कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर होतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ते ५५ च्या वर गेलं. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. म्हणून "आज रात्री दरवाजे उघडणार का" असं कुणाला विचारून उपयोग नसतो, धरण किती टक्के भरलंय ते बघायचं.

नवखा माणूस फसतो तो इथं: "नदी तर इथून लांब आहे." नदी लांब असते, नाला नसतो. जयंती नाला शहराच्या पोटातून वाहत पंचगंगेला मिळतो. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे येतं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, नागाळा पार्काचा सखल भाग इथं पाणी या फुगवट्यानं शिरतं. आणि ते रस्त्यावरून लोंढ्यानं येत नाही. आधी गटाराच्या चेंबरमधून, मग न्हाणीघराच्या मोरीतून बुडबुडे काढत येतं. आवाज होत नाही. रात्री झोपलेल्या माणसाचा पाय सकाळी पाण्यात पडतो तो असा.

घर बघायला जाताना:

तळमजल्याच्या भिंतीवर, कंपाउंडवर, विजेच्या डीपीवर दोन्ही पुरांचे डाग शोधा. रंग नवा असेल तर शेजारच्या पडक्या भिंतीवर बघा, तिला कुणी रंग देत नाही. मालकाला विचारू नका, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. त्यानं पोती कुठपर्यंत उचलली होती ते तो हात करून दाखवेल. नकाशात निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. निळीच्या आत तळमजला भाड्यानंही घेऊ नका.

राहायला गेल्यावर: ३९ ला कागदपत्रं आणि औषधं एका पिशवीत. ४१ ला गाड्या चढावर, कारण ४३ ला सगळेच काढायला लागतात आणि रस्ता तुंबतो. धोक्याची पातळी आली की फ्रिज, धान्य वर, सिलिंडर बंद करून वर (रिकामा सिलिंडर तरंगत जातो). मीटर बुडायच्या आत मेन स्विच बंद. पाणी उतरल्यावर लगेच चालू करू नका, वायरमनला बोर्ड उघडून वाळवू द्या.

दोन शब्द ऐकायला येतील. "रेडेडोह फुटला" म्हणजे पन्हाळा-रत्नागिरी रस्त्याकडे पाणी पसरलं, तो रस्ता गेला. "मच्छिंद्री झाली" म्हणजे शिवाजी पुलाच्या खांबांवर ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी आलं. आकड्याआधी जुनी माणसं हेच विचारतात.

---

रातकिडा

@पाणकावळा, यापुढे काही लिहायला उरलं नाही. पण नेमका प्रश्न असा येतो: शाहूपुरीत तळमजला, स्टेशन-बसस्थानक चालत. की पाचगावात पहिला मजला, भाडं कमी, पण रोज ये-जा. काय घ्यावं?

---

पाणकावळा

शाहूपुरी सगळी बुडत नाही. स्टेशनकडची बाजू उंच आहे, नाल्याकडे उतरत जाते. गल्ली बघून ठरवा. नाल्याकडचा तळमजला फुकट मिळाला तरी नको. पाचगाव उंचावर आहे, पुराची भीती नाही. पण तिथं पाणी हा रोजचा प्रश्न आहे. पूर चार वर्षांतून एकदा येतो, पाणी रोज लागतं. ज्याला जो त्रास झेपेल तो त्यानं निवडावा.

---

नळकोंडाळं

पाण्याबद्दल मी लिहितो.

शहराला आधी शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी इथून नदीचं पाणी यायचं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ही उपसा केंद्रंच बुडाली आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून लोक टँकरची वाट बघत होते. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणावरची थेट पाईपलाईन सुरू झाली. धरणातूनच पाणी घेतल्यामुळे पुराचा तो धोका कमी झाला. पण पन्नासेक किलोमीटरची वाहिनी आहे. कुठं गळती लागली किंवा उपशाच्या ठिकाणची वीज गेली की शहरात एक-दोन दिवस बोंब. म्हणून साठवण हवीच.

हिशेब सोपा आहे. माणशी १३५ लिटर धरा. चार माणसांना दिवसाला ५४० आणि दोन दिवसांना हजारावर. म्हणजे घरामागे हजार ते दीड हजार लिटर स्वतंत्र टाकी असेल तरच "पाण्याचा प्रॉब्लेम नाही" हे मालकाचं वाक्य खरं माना. अपार्टमेंटमध्ये एकूण टाकी भागिले फ्लॅट करून बघा. पाणी किती वाजता येतं तेही विचारा. काही भागांत पहाटे येतं आणि व्हॉल्व्हपासून लांबच्या घरांना शेवटचा अर्धा तासच दाब मिळतो. मोटर थेट नळाला जोडू नका. नियमात बसत नाहीच, शिवाय नळात पाणी नसताना गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी ओढलं जातं. जमिनीतली टाकी नळानं भरू द्यायची आणि तिथून अर्ध्या एचपीच्या मोटरनं वर चढवायचं.

पिंपात साठवत असाल तर आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करून घासून कोरडं करा. नुसतं पाणी बदलून डेंगीच्या डासाची अंडी जात नाहीत, ती कडेला चिकटून राहतात.

पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंबा या ग्रामपंचायती. हद्दवाढीचा वाद जुना आहे, त्यात इथं पडायला नको. व्यवहारात एवढंच की तिथं पाणी, कचरा, रस्त्यावरचे दिवे यांसाठी महापालिकेकडे जाता येत नाही. कचऱ्याची गाडी आठवड्यातून किती वेळा येते ते घर घेण्याआधी विचारा.

---

उसाचं_कांडं

रात्री गाडी चालवणाऱ्यांसाठी. साधारण नोव्हेंबरपासून गळीत हंगाम सुरू झाला की शहरातून बाहेर जाणारा प्रत्येक रस्ता ट्रॅक्टरचा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हात-दीड हात बाहेर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. डिपरमध्ये दिसते ती फक्त काळी भिंत, तीही अगदी जवळ आल्यावर. राधानगरी, गारगोटी, कागल, शिये, सगळीकडे हेच.

ओव्हरटेक करताना पहिली ट्रॉली मागे पडली की माणूस डावीकडे येतो, तिथं दुसरी असते. दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मोजूनच बाहेर पडा. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू असेल तर ती मोटरसायकल समजू नका. मोळी पडलेली असते वळणावर, तिथं ब्रेक लागत नाही, चाक चिपाडावरून घसरतं.

---

शिक्कामोर्तब

भाड्याचं थोडक्यात. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, नोटरी पुरत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदला नाही आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, हे मालकाला शांतपणे सांगितलं की तोच तयार होतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का (परत न मिळणारी अनामत असेल तर तीही धरून, परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून). नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये, ग्रामीण भागात ५००. म्हणजे पाचगावाला निम्मी. ऑनलाइन होतं, आधार आणि बोटाचा ठसा लागतो.

ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून भाऊसिंगजी रोडच्या आसपास, नागाळा पार्क, ताराबाई पार्क इकडे वकिलांची कार्यालयासाठी शोधाशोध वाढली आहे. सहा जिल्ह्यांची कामं इथं येतात. राहण्यापुरतं घर हवं असेल तर त्या पट्ट्यात घासाघीस करण्यात वेळ घालवू नका, राजारामपुरीच्या मागच्या गल्ल्या, रुईकर कॉलनी, फुलेवाडी बघा.

---

तिकटी

पेठेत घर घेणाऱ्यांना आणखी एक. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ म्हणजे तालमी. माणसं जीव लावतात, रात्री अकराला सिलिंडर संपला तर शेजारून येतो. पण गणपती, शिवजयंती आणि फुटबॉलचा हंगाम यांची झोपेशी गाठ आहे. शाहू स्टेडियमवरची मोठी मॅच जिंकली की पेठ रात्री खाली उतरते. लाऊडस्पीकर दहाला बंद असा नियम आहे, हलगीला कोण बंद करणार. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या काळात मुख्य मिरवणूक मार्गाच्या आतली गाडी आधीच बाहेर काढून ठेवा. नवरात्रात अंबाबाईच्या मंदिराभोवती चारचाकी विसरायची.

त्रिपुरी पौर्णिमेला मात्र अलार्म लावा. पंचगंगेच्या घाटावर पहाटे अंधारात पणत्या लागतात, उजाडलं की संपलं.

आणि केशवराव भोसले नाट्यगृह विचारत येतात लोक. ८ ऑगस्ट २०२४ ला ते जळालं. १९१५ ची वास्तू. रात्रीच्या नाटकाची शहराची सवय त्या दिवशी मोडली.

---

मसालेदाणी

रोजच्या राहण्यात चटणी कुणी धरली नाही? भाड्याच्या घरात पहिल्या उन्हाळ्यात हाच प्रश्न पडतो. तयार घेतलेली कांदा-लसूण चटणी आणि कांडून आणलेली यांत फरक आहे, आणि मार्च ते मे याच काळात कांडून मिळते.

एक किलो मिरची: ६०० ग्रॅम ब्याडगी रंगाला, ४०० संकेश्वरी तिखटाला. कांदा एक किलो, लसूण पाव, सुकं खोबरं पाव, धने दोनशे, तीळ शंभर, जिरं आणि खसखस पन्नास-पन्नास, गरम मसाला शंभरच्या आत, मीठ पाव, तेल दोनशे मिली. घरोघर थोडं इकडं-तिकडं. देठ काढलेली मिरची दोन दिवस कडक उन्हात. दाबली की कट्कन मोडली पाहिजे, वाकली तर अजून एक दिवस.

बिघडते ती कांद्यामुळे. कांदा गुलाबी झाला म्हणून काढला तर आत पाणी राहतं आणि पावसाळ्यात बरणीत पांढरी बुरशी धरते. गडद तांबूस, कुरकुरीत हवा. लसूण कच्चाच, कांडपाच्या शेवटच्या फेरीत. कांडून आणलेली चटणी गरम असते, तशीच भरू नका, परातीत पसरून पूर्ण निवली की चिनी मातीच्या बरणीत दाबून, वर हिंगाचा खडा.

---

खटका

धागा रात्रीचा होता, आता चटणीवर आला. तरी म्हटलंच होतं धागाकर्त्यानं.

---

नळकोंडाळं

विजेचं राहिलं. पावसाळ्यात झाडं पडून तास-दोन तास वीज जाणं रोजचं. दोन पंखे, चार एलईडी, राउटर मिळून दोनशे वॉट होतात. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी साधारण सहा तास ओढते. पाण्याची मोटर त्यावर चालत नाही, प्रयत्नही नको. बॅटरीतलं पाणी दर तीन महिन्यांनी बघा.

२०१९ ला पुणे-बंगळूर हायवे शिरोलीपाशी बुडाला तेव्हा दूध, पेट्रोल, भाजी सगळं अडलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये घरात दूध पावडर, मेणबत्त्या आणि गाडीची निम्मी टाकी भरलेली असू द्या.

---

रातकिडा

शेवटचा प्रश्न, आणि हा सारखा येतो. बंगळूरहून किंवा मुंबईहून खासगी बस पहाटे तीनला पोचते. कुठं उतरायचं?

---

तिकटी

तिकीट काढतानाच विचारा, बस शहरात येते की "हायवे". लांबून येऊन पुढं जाणाऱ्या बऱ्याच बसेस शहरात शिरत नाहीत, तावडे हॉटेलला उतरवतात. ते हॉटेलच्या नावानं ओळखलं जाणारं हायवेवरचं जंक्शन आहे, मध्यवर्ती बसस्थानकापासून चार-पाच किलोमीटर. उड्डाणपुलाच्या वर उतरवलं तर खाली सर्व्हिस रोडला चालत या, वर रिक्षा थांबत नाही. केएमटी (शहर बस) त्या वेळी नसते. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा, सामानासकट. एकटी बाई असेल तर कावळा नाक्यापर्यंत येणारीच बस घ्या, तिथं उजेड आणि वर्दळ असते. आणि झोप लागली असेल तर क्लीनरला आधी सांगून ठेवा. मुंबईहून येताना तावडे हॉटेल चुकलं की पुढची जाग कागलला येते.